घोड्याआधी स्वतःला लगाम

व्हिएन्ना शहराच्या ऐन मध्यभागी हॅब्सबर्ग सम्राटांचा हॉफबुर्ग हा जुना राजवाडा आहे. १९१८ मध्ये त्यांचे साम्राज्य लयाला गेले, सम्राट इतिहासजमा झाले. पण राजवाड्याच्या एका भागात आजही सकाळी घोड्यांच्या टापा ऐकू येतात. रस्त्यावर ट्राम, मोटारी आणि पर्यटकांची वर्दळ चालू असते आणि भिंतीच्या आत, एका भव्य पांढऱ्या दालनात, पांढरेशुभ्र घोडे संथ पावले टाकत असतात. हीच जगप्रसिद्ध ‘स्पॅनिश रायडिंग स्कूल’.

नावात ‘स्पॅनिश’ असले तरी संस्था ऑस्ट्रियाची आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधून आणलेल्या घोड्यांवरून हे नाव पडले. १५८० मध्ये आजच्या स्लोव्हेनियातील लिपिका गावी राजघराण्याने घोड्यांची पैदास सुरू केली. त्या गावावरून या जातीला लिपिझानर म्हणतात. गंमत अशी, की या जातीचे शिंगरू जन्मतः काळपट किंवा तपकिरी असते. साधारण सहा ते दहा वर्षांचे होईपर्यंत त्याचा रंग हळूहळू उजळत जातो. क्वचित एखादा घोडा तपकिरीच राहतो. असा एक तरी घोडा तबेल्यात असणे शुभ, असा येथला जुना समज आहे!

सम्राट सहावा चार्ल्स याने १७२९ ते १७३५ या काळात सध्याचे दालन बांधून घेतले. लांबी सुमारे ५५ मीटर, रुंदी १८ मीटर. सज्जाला आधार देणारे ४६ खांब, छताला मोठमोठी झुंबरे, खाली मऊ वाळू. एका टोकाला सम्राटाचे चित्र टांगलेले आहे. आत येणारा प्रत्येक स्वार त्या चित्रासमोर टोपी उतरवून अभिवादन करतो आणि मगच कामाला लागतो.

प्रेक्षक येतात ते घोड्यांची कसरत पाहायला. मागचे पाय दुमडून, पुढचे पाय उचलून घोडा पुतळ्यासारखा स्थिर राहतो, ती ‘लेवाड’. मागच्या दोन पायांवर उड्या घेत पुढे जातो, ती ‘कुर्बेट’. आणि चारही पाय जमिनीवरून सुटलेले असताना मागचे पाय सरळ झाडतो, ती ‘काप्रियोल’. काप्रियोल पाहताना श्वास रोखला जातो. पण जाणकाराचे लक्ष घोड्याकडे जितके असते, तितकेच वर बसलेल्या माणसाकडे असते. या उड्यांच्या वेळी स्वाराचे पाय रिकिबीत नसतात. खोगिराला रिकीबच नसते! खालचे पाचसहाशे किलोंचे जनावर हवेत झेपावते आणि वरचा माणूस मात्र पाठ ताठ, मान सरळ, चेहरा शांत ठेवून बसलेला असतो. हात हलत नाहीत. लगामाला हिसका बसत नाही.

ही शांतता येते कोठून? तिचे उत्तर प्रेक्षकांसमोरच्या खेळात नाही. ते नवशिक्यांच्या रोजच्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या तालमीत आहे.

दोर, वर्तुळ आणि रिकामे हात

येथे शिकायला येणाऱ्या उमेदवाराला ‘एलेव्ह’ म्हणतात. त्याचा दिवस भल्या पहाटे तबेल्यात सुरू होतो. घोड्याखालची लीद काढणे, खरारा करणे, खोगीर-लगाम पुसून चकचकीत ठेवणे ही कामे आधी. ज्याच्या पाठीवर बसायचे, त्याची सेवा केल्यावाचून त्याचा स्वभाव कळत नाही, असा हा शिरस्ता आहे.

मग येते ती बैठकीची तालीम. घोड्याच्या मुखसाजाला एक लांब दोर बांधलेला असतो. त्याला ‘लाँज’ म्हणतात. दोराचे दुसरे टोक गुरूच्या हातात. गुरू मध्यभागी उभा राहतो आणि घोडा त्याच्याभोवती गोल फिरतो. एलेव्हच्या पायांना रिकीब नाही आणि हातात लगामही नाही. घोड्याला चालवण्याची, वळवण्याची, थांबवण्याची सारी जबाबदारी गुरूची. शिष्याने करायचे ते एकच काम, नीट बसणे.

ऐकायला हे पोरखेळ वाटते. करून पाहिले की घाम फुटतो. घोडा पावलांनी चालतो तोवर ठीक असते. तो दुडकी धरतो तेव्हा त्याचे तिरपे जोडपाय आळीपाळीने जमिनीवर आपटतात आणि प्रत्येक पावलाला पाठ वर उसळते. नवखा माणूस त्या तालाबरोबर पिशवीतल्या बटाट्यासारखा हिंदकळतो. पडू नये म्हणून तो गुडघे आवळतो, खांदे वर ओढतो, श्वास कोंडतो. आणि तेथेच फसतो. कारण गुडघे आवळले की चिमट्यातून साबणाची वडी निसटावी तसे बूड खोगिरावरून वर सरकते. शरीर जितके ताठर, तितके हिसके अधिक.

गुरू मग त्याला दोन्ही हात बाजूला पसरायला लावतो. कधी कमरेतून उजवीकडे-डावीकडे वळायला, कधी उजव्या हाताने डाव्या पायाच्या चवड्याला शिवायला, कधी घोटे गोल फिरवायला. हे सारे घोडा चालत असताना करायचे. हात हलले तरी बैठक हलता कामा नये, बैठक सैल सुटली तरी पाठ वाकता कामा नये. एकाच शरीराचे भाग असे वेगवेगळे वापरता येऊ लागले, की तोल आपोआप येतो. हा अभ्यास एकदोन आठवड्यांत संपत नाही, तो महिनोन्महिने चालतो. उमेदवारीपासून पूर्ण स्वार, म्हणजे ‘बेरायटर’ होईपर्यंत साधारण आठ ते बारा वर्षे लागतात. सगळेच शेवटपर्यंत टिकत नाहीत.

येथला आणखी एक नियम मोठा शहाणपणाचा आहे. नवा माणूस जुन्या घोड्यावर शिकतो आणि नवा घोडा जुन्या माणसाकडून शिकतो. दोघेही कच्चे असले तर दोघेही बिघडतात. सगळे काही पाठ असलेला वयस्क घोडा नवशिक्याच्या चुका लगेच दाखवून देतो. स्वाराने नकळत डाव्या बाजूला भार टाकला की घोडा डावीकडे सरकतो. स्वाराला वाटते घोडा चुकला. वास्तविक घोड्याने त्याचा हुकूमच पाळलेला असतो!

बसणे म्हणजे नेमके काय?

घोड्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाला बाजूने पाहावे. कान, खांदा, नितंबाचा सांधा आणि टाच ही चारही ठिकाणे एका उभ्या रेषेत यायला हवीत. खालून एकदम घोडा काढून घेतला, तर माणूस जमिनीवर दोन पायांवर उभा राहायला हवा. बूड पुढे घसरून खुर्चीत बसल्यासारखी ठेवण झाली, तर तो मागे कोसळेल.

सारा भार बैठकीच्या दोन हाडांवर सारखा पडला पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकांची एक बाजू बळकट असते. उजव्या हाताने ओझे उचलायची, एकाच पायावर रेलून उभे राहायची सवय असते. जमिनीवर ही सवय खपून जाते. घोड्याच्या पाठीवर मात्र एका बाजूचा भार तासभर त्याच जागी दाबत राहतो. घोड्याची पाठ दुखते, खोगीर लागते, पुढेपुढे तो वाकडा चालू लागतो.

डोक्याचेही तसेच. माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो असते. घोड्याच्या मानेकडे पाहत राहिले की हे वजन पुढे झुकते, त्यामागे खांदे, मग पाठ. म्हणून नजर समोर, जिकडे जायचे तिकडे.

सगळ्यांत महत्त्वाची कंबर. घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ वर-खाली, पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना हलते. ही हालचाल माणसाच्या स्वतःच्या चालण्याशी इतकी मिळतीजुळती असते, की चालताना अडचण येणाऱ्या रुग्णांसाठी घोड्यावर बसवण्याची उपचारपद्धती तिच्यावर उभी आहे. स्वाराची कंबर या हालचालीबरोबर गेली पाहिजे. पण कंबर मोकळी सोडायची म्हणजे अंग ढिले टाकायचे नव्हे. पोटाचे आणि पाठीचे खोल स्नायू सतत हलके काम करीत असतात. हात, खांदे आणि जबडा मात्र सैल असतो. आत बळ आणि बाहेर मोकळेपणा, असे हे गणित आहे.

हे एकदा साधले की लगामाची भाषाच बदलते. तोल नसलेला माणूस लगाम धरूनच तोल सावरतो. लगामाची कडी घोड्याच्या तोंडात असते, हे तो विसरतो. त्याच्या प्रत्येक हेलकाव्याचा हिसका जिभेला आणि हिरड्यांना बसतो. ज्याची बैठक पक्की, त्याचा हात हलका. म्हणून व्हिएन्नात बैठक जमेपर्यंत लगाम हातात मिळत नाही. यात घोड्यावरची दयाही आहे आणि पुढच्या कामाची सोयही.

पदक मिळवणाऱ्याचाही पहिला धडा

आलोइस पोडहायस्की हे या संस्थेतले मोठे नाव. ते ऑस्ट्रियन लष्करातले अधिकारी. १९३३ साली ते या शाळेत अभ्यासासाठी आले, तेव्हा नवखे नव्हते. स्पर्धांत नाव कमावलेले होते. तरी येथल्या गुरूंनी त्यांना पुन्हा लाँजवर बसवले. रिकीब काढून घेतली, बैठक मुळापासून घडवली. मानी माणसाला हे सहन होणे कठीण. पोडहायस्की यांनी ते निमूटपणे केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये शर्यतीसाठी नालायक ठरलेल्या नीरो नावाच्या घोड्यावर बसून त्यांनी ड्रेसाज प्रकारात कांस्यपदक मिळवले. पुढे १९३९ मध्ये ते संस्थेचे प्रमुख झाले. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थच ‘माझे घोडे, माझे गुरू’ असा आहे.

त्यांच्याच कारकिर्दीत शाळेवर सर्वांत मोठे संकट आले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस व्हिएन्नावर बाँब पडत होते. पोडहायस्की यांनी घोडे अपर ऑस्ट्रियातील सांक्ट मार्टिन या गावी हलवले. घोड्या आणि शिंगरे तर त्याआधीच चेकोस्लोव्हाकियातील होस्तौ येथे नेलेली होती. दोन्हीकडे उपासमारीची आणि युद्धाच्या वरवंट्याखाली सापडण्याची भीती. ७ मे १९४५ रोजी अमेरिकन सेनानी जनरल पॅटन यांच्यासमोर घोड्यांचे प्रात्यक्षिक झाले. पॅटन स्वतः घोडेस्वार. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये भाग घेतला होता. प्रात्यक्षिक संपल्यावर पोडहायस्की घोड्यावरूनच त्यांच्यासमोर आले आणि शाळेला संरक्षण द्यावे, अशी विनंती केली. ती मान्य झाली. होस्तौच्या घोड्यांनाही अमेरिकन घोडदळाच्या तुकडीने एप्रिलअखेर ताब्यात घेतले होते.

विनंती करण्याआधी त्या दिवशी पोडहायस्की यांनी काय केले असेल? रोज करीत तेच. पाठ सरळ, हात स्थिर, चेहरा शांत. शाळेचे भवितव्य टांगणीला लागले असताना खालच्या घोड्याला स्वाराच्या मनातली धडधड कळू न देणे, ही त्या साऱ्या वर्षांच्या तालमीची खरी परीक्षा म्हणावी लागेल. शाळा वेल्स या गावी राहिली आणि १९५५ मध्ये व्हिएन्नाच्या पांढऱ्या दालनात परतली.

पुढच्या काळातील अडचणी निराळ्या. २००१ पासून ही संस्था आणि पीबर येथील तिचे पैदास केंद्र सरकारी खात्यातून वेगळे झाले. खर्चाचा मोठा भाग तिकिटांतून आणि पाहुण्यांतून उभा करायचा, तर खेळ जास्त हवेत. पण घोडा आणि स्वार तयार व्हायला वर्षे लागतात, ती कोणालाही कमी करता येत नाहीत. हा पेच कायमचाच आहे. २००८ मध्ये संस्थेने प्रथमच दोन तरुणींना एलेव्ह म्हणून घेतले. त्यांतली ऑस्ट्रियाची हाना झाइट्लहोफर पुढे पहिली स्त्री बेरायटर झाली. चारशेहून अधिक वर्षे पुरुषांचीच मानली गेलेली ही बैठक बळापेक्षा तोलावर उभी आहे, हे तिने दाखवून दिले. २०१५ मध्ये युनेस्कोने येथल्या अश्वविद्येचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला.

मराठी मुलखाची मांड

हे सारे वाचताना मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या भाषेत पक्क्या बैठकीला ‘मांड’ हा नेमका शब्द आहे. एखाद्याने कामावर मांड ठोकली, असे आपण सहज म्हणून जातो. घोड्यावरच संसार असलेल्या मुलखाने दिलेला हा शब्द आहे. पेशवाईच्या उतरत्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ज्या मल्लखांबाला नवे रूप दिले, त्या खांबावरही मांड्यांची पकड, पोटाचे बळ आणि उलटसुलट स्थितीतले तोलाचे भान हीच शिदोरी मिळते. लहानपणी मल्लखांब केलेल्या मुलाला घोड्यावर शरीर सावरणे सोपे जाते, यात नवल नाही. फरक इतकाच, की खांबाला आवळून धरायचे असते आणि घोड्याला आवळायचे नसते.

भारतीय स्वारांनीही हा लांबचा रस्ता चालून दाखवला आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेनंतर घोडेस्वारीतले सुवर्ण मिळायला ४१ वर्षे गेली. २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा या चौघांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. ड्रेसाज म्हणजे पाहणाऱ्याला दिसणार नाहीत अशा खुणांनी घोड्याकडून नेमक्या हालचाली करून घेणे. त्यासाठी हे खेळाडू घर सोडून युरोपात राहून वर्षानुवर्षे सराव करीत होते.

घोडा नसताना घोडेस्वारी

सुटीत माथेरानच्या लाल मातीत घोड्यावर बसलेली मंडळी आठवावीत. दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरलेले, गुडघे आवळलेले, नजर घोड्याच्या कानांवर. दुसऱ्या दिवशी मांड्या आणि कंबर अशी धरते, की जिना उतरता येत नाही! दोष घोड्याचा नसतो. रोज न वापरलेले स्नायू अचानक कामाला लावलेले असतात. ज्याला रायडिंग क्लबमध्ये शिकायचे आहे किंवा मुलांना शिकवायचे आहे, त्याने महिना-दोन महिने आधी घरीच तयारी केली तर पहिले धडे सोपे जातात.

टणक खुर्चीच्या कडेशी बसावे, पाठ टेकू नये आणि बैठकीच्या दोन हाडांवर सारखा भार पडतो का, ते जाणून घ्यावे. मग कंबर सावकाश पुढे-मागे हलवावी. खांदे मात्र जागचे हलू देऊ नयेत. दात घासताना एका पायावर उभे राहावे, दुसऱ्या वेळी दुसऱ्या पायावर. जमू लागले की वृक्षासन करावे. कोणत्या पायावर तोल लवकर जातो, ते कळले की आपली कच्ची बाजू सापडते.

मांड्यांसाठी भिंतीला पाठ लावून, खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वाकवून थोडा वेळ थांबावे. जांघेचे सांधे मोकळे व्हायला बद्धकोनासन उत्तम. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा हळूच खाली सोडाव्यात, कठड्याला मात्र धरून. पोटापाठीसाठी कोपरे आणि चवडे टेकून शरीर फळीसारखे सरळ धरावे. कंबर खाली झोळ घेऊ लागली की थांबावे. दम वाढवायला भरभर चालणे किंवा पोहणे, आणि सर्वांगाला सूर्यनमस्कार आहेतच. या सगळ्यांत श्वास कोंडू देऊ नये. घोड्यावर घाबरलेला माणूस पहिली चूक करतो ती हीच.

पाठीचे किंवा मणक्याचे दुखणे असलेल्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोड्यावर बसू नये. डोक्याला मापाचे हेल्मेट आणि पायात टाच असलेले बूट हवेतच. खोल खाचांच्या तळाचा किंवा बिनटाचेचा जोडा रिकिबीत अडकू शकतो. रिकीब आणि लगाम सोडण्याचा सराव कधीही एकट्याने करू नये. तो शांत घोड्यावर, जाणत्या शिक्षकाच्या हातात दोर असतानाच करायचा. पहिल्या काही धड्यांत अशी दोरावरची तालीम देण्याची विनंती पालकांनी शिक्षकांना जरूर करावी. मूल लवकर दौडले नाही म्हणून हिरमुसू नये.

व्हिएन्नाच्या दालनात सकाळचे काम संपते तेव्हा टाळ्यांचा कडकडाट वगैरे काही होत नाही. स्वार खाली उतरतो, कोटाच्या मागच्या लांब शेपटातल्या खिशात हात घालतो आणि साखरेचा खडा घोड्यासमोर धरतो. घोडा तो हलकेच उचलतो. मग रिकिबी वर सरकवल्या जातात, दोघे शेजारी शेजारी चालत तबेल्याकडे जातात आणि वाळूवरचे ठसे पुसून ती पुन्हा सारखी केली जाते. दुसऱ्या दिवशी कोणी एलेव्ह येईल, हात पसरून गोल फिरू लागेल आणि ‘नीट बसणे’ या पहिल्या धड्याला पुन्हा सुरुवात होईल.